गावठाणाची कोरी जागा

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळेत भूगोलाची चढण कित्येक पिढ्या ठरलेली होती. तिसरीला जिल्हा, चौथीला महाराष्ट्र, पाचवीला भारत. तिसरीचं पुस्तक त्यामुळे जिल्ह्याजिल्ह्याला वेगळं. कोल्हापूरच्या पोराच्या पुस्तकात पंचगंगा, नांदेडच्या पोरीच्या पुस्तकात गोदावरी. बालभारती १९६७ साली स्थापन झाली. तेव्हापासून अभ्यासक्रम अनेकदा बदलले, विषयांची नावं बदलली, तरी तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक आजही जिल्ह्यागणिक निराळं निघतं. एका इयत्तेच्या एका विषयाची इतकी पुस्तकं, त्यात पुन्हा माध्यमं वेगळी. छापखान्याच्या हिशेबाने हा केवढा व्याप आहे. त्याचं श्रेय आधीच देऊन टाकतो, कारण यापुढे बरीचशी तक्रारच आहे.

आठ वर्षांच्या मुलाला जिल्हा आपला वाटत नाही, ही ती तक्रार. अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यावरचं मूल नंदुरबार शहर बघतं ते बहुधा कुणाच्या आजारपणात. जिल्हा ही कलेक्टर कचेरीची सोय आहे आणि तिची हद्द एका अधिसूचनेने हलते. १९६० साली राज्यात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. १ मे १९८१ला जालना आणि सिंधुदुर्ग झाले, पुढच्या वर्षी लातूर आणि गडचिरोली, १९९८-९९मध्ये नंदुरबार, वाशीम, हिंगोली, गोंदिया आणि १ ऑगस्ट २०१४ला पालघर. तलासरीतल्या ज्या मुलीने त्या वर्षी जूनमध्ये ठाणे जिल्ह्याचा नकाशा रंगवला, तिचा जिल्हा नागपंचमीच्या सुमारास बदलला. तिचं घर, ओढा, शाळेची वाट सगळं जिथल्या तिथे होतं.

वर्गात या जिल्ह्याचं काय व्हायचं, ते माझ्या वयाच्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको. नकाशाचा रबरी शिक्का असायचा. गुरुजी शाईच्या पॅडवर तो दाबून प्रत्येक वहीत एकेक छाप उठवत. शिक्का जुना झाला की एखादा तालुका अर्धाच उमटायचा. मग तालुक्यांची नावं, नद्यांच्या निळ्या रेघा, रेल्वेची फुल्याफुल्यांची ओळ. परीक्षेत ‘नकाशा भरा’ या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळत, कारण नावं कुठे लिहायची ते हाताला पाठ झालेलं असे. असं पाठांतर पुढे किती टिकतं? ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०१७ सालच्या पाहणीत देशभरातल्या २८ जिल्ह्यांमधल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना भारताचा नकाशा दाखवला होता. हा कोणत्या देशाचा नकाशा, हे ८६ टक्क्यांनी ओळखलं. आपल्या राज्याचं नाव ७९ टक्क्यांनी सांगितलं. ते राज्य नकाशावर बोटाने दाखवणारी मुलं मात्र ४२ टक्केच निघाली.

जवळून सुरुवात करावी, हा विचार आपल्याकडे नवा नाही. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विचारवंताने एडिंबरोत १८९२ साली एक जुना मनोरा घेतला. पाहुण्यांना तो आधी गच्चीवर नेई आणि शहर डोळ्यांनी बघायला लावी. मग एकेक मजला उतरत एडिंबरो, स्कॉटलंड असं करत शेवटी तळमजल्यावर जग. हाच गेडिस १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला आणि १९२४पर्यंत राहिला. त्याचं काम नगररचनाकारांनी वाचलं. प्राथमिक शाळेच्या वाटेला ते कुणी आणलं नाही. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिथून निघालेल्या झाकिर हुसेन समितीने इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र मिळून सामाजिक शास्त्र असा एकच विषय धरला आणि मुलाच्या भोवतालापासून आरंभ करायला सांगितलं. वर्ध्याच्या या शिक्षणयोजनेचं, नई तालीमचं, नाव काढलं की लोकांना टकळी आठवते. हा भाग विसरला गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

खडू-फळा मोहीम १९८७ साली आली. तिच्या साहित्यात जिल्ह्याचा, राज्याचा, देशाचा नकाशा होता आणि प्लॅस्टिकचा पृथ्वीगोलही. नकाशे शाळेत पोचले आणि कपाटात गेले. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झालेली वस्तू फाटली तर जाब मुख्याध्यापकाला, मग ती पोरांच्या हाती कोण देणार? कापडी पाठीचे ते नकाशे २६ जानेवारीला भिंतीवर चढायचे आणि संध्याकाळी पुन्हा गुंडाळले जायचे.

भिंतीवर टांगलेल्या नकाशाने आणखी एक घोळ घातला आहे, तो जरा सविस्तर सांगतो. मूल भिंतीकडे बघतं आणि शिकतं की उत्तर वर, दक्षिण खाली. मग विचारतं, नदी वर कशी चढते? त्याच्या गावातली वरची आळी दक्षिणेला असते, तेव्हा तर ते पुरतं गांगरतं. उपाय साधा आहे. नकाशा भिंतीवरून काढायचा, जमिनीवर पसरायचा आणि त्याची उत्तर गावाच्या उत्तरेकडे फिरवायची. पण गावाची उत्तर तरी कुठली? उगवत्या सूर्याकडे तोंड केलं की डाव्या हाताला उत्तर, हे सगळ्यांना पाठ आहे. शाळा उघडतात जूनमध्ये आणि जूनमध्ये आपल्याकडे सूर्य पूर्वेच्या जवळजवळ २५ अंश उत्तरेला उगवतो. दुपारच्या सावलीवर विसंबावं, तर साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात ती दक्षिणेला पडते, कारण त्या दिवसांत माथ्यावरचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो. (पावसाळ्यात सावलीच दिसत नाही, हा आणखी एक मुद्दा.) साधं होकायंत्र या सगळ्यातून सोडवतं, महाराष्ट्रात त्याची सुई खऱ्या उत्तरेपासून फारशी ढळतही नाही. इतकी वर्षं शाळांना एवढं साहित्य पुरवलं, त्यात चांगलं होकायंत्र मी क्वचितच पाहिलं.

आता मूळ मुद्दा. गावाचा एक नकाशा सरकारजवळ फार पूर्वीपासून आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीची महसुली मोजणी सुरू केली आणि पुढे ती मुंबई इलाखाभर पसरली. शंकू-साखळीने मोजून काढलेल्या त्या गावनकाशात प्रत्येक सर्व्हे नंबर आहे. बांध, ओढे, गाडीवाटा, विहिरी आहेत, शिवेचे दगडसुद्धा आहेत. शेताचा सारा घ्यायचा होता, म्हणून शेत मोजलं. गावठाणाला सारा नव्हता. म्हणून घरं जिथे आहेत तिथे नकाशात बंद रेघेचं एक रिकामं बेट आहे. मोठ्या गावांची पुढे सिटी सर्व्हेत मोजणी झाली, लहान गावांचं बेट कोरंच राहिलं. म्हणजे तिसरीतलं मूल ज्या गल्लीत राहतं ती गल्ली पाठ्यपुस्तकातल्या जिल्ह्यात नव्हती आणि तलाठ्याच्या दप्तरातल्या गावातही नव्हती.

ती जागा ज्यांनी भरली ते शिक्षक राज्यात विखुरलेले होते आणि त्यांना कुणी आदेश दिलेला नव्हता. कोल्हापूरला लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयासारख्या शाळांनी परिसरालाच पुस्तक मानलं. जिल्हा परिषदेच्या शाळांतही असे लोक भेटत. पद्धत थोड्याफार फरकाने सारखी असे. आधी वर्गाचा नकाशा. पट्टी नको, पावलं मोजायची. मग पटांगणावर फक्कीने शाळेचा. मग घरापासून शाळेपर्यंतची वाट, ज्याची त्याने काढायची. या वाटांच्या चित्रांत स्वतःचं घर मंदिराएवढं मोठं असतं आणि चावरं कुत्रं जिथे बसतं ती जागा चुकूनही सुटत नाही. सगळ्यांच्या वाटा एका मोठ्या कागदावर जोडायला घेतल्या की भांडण सुरू होतं. हिच्या चित्रात पिठाची गिरणी डाव्या हाताला, त्याच्या चित्रात उजव्या. दोघंही बरोबर असतात, कारण दोघं दोन बाजूंनी येतात. खुणांची सूची आणि दिशेचा बाण कशासाठी लागतो, हे त्या भांडणात जेवढं समजतं तेवढं पुस्तकातल्या व्याख्येने समजत नाही.

माझा स्वतःचा आवडता पाठ गुंठ्याचा. सुतळी घेऊन ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद चौकोन पटांगणावर आखायचा. हा एक गुंठा, असे ४० झाले की एक एकर. घरी रोज कानावर पडणारा शब्द पायाखाली येतो. मग पोरं आपापल्या घरची शेती सांगू लागतात आणि काही पोरं गप्प बसतात, कारण त्यांच्याकडे अर्धा गुंठाही नसतो. शिक्षकाची कसोटी तिथे लागते. गप्प बसलेल्या पोरांना सोडून पुढे गेला, तर तो पाठ गणिताचा झाला.

गावाचा नकाशा मुलांनी काढला की गाव जसं आहे तसं कागदावर उतरतं. वस्त्यांची नावं मुलं घरात ऐकतात तशीच लिहितात, जातीची नावं जातीचीच. मोठ्या कागदावर ती नावं शेजारी शेजारी आली की कोण मध्ये राहतं आणि कोण ओढ्यापलीकडे, हे विचारावं लागत नाही. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२०मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं आली. पाटी बदलली तरी नकाशातली जागा तीच असते आणि नाव का बदललं हा प्रश्न चौथीतलं मूलही विचारतं. काही शिक्षक अशा वेळी नकाशात फक्त ‘वस्ती’ असं लिहायला सांगतात. मला ते पटत नाही. सामाजिक शास्त्र नेमकं जिथे सुरू होतं तिथेच ते आटोपतं घेतल्यासारखं होतं. पण गावात राहून नोकरी करणाऱ्याची अडचणही मी पाहिली आहे. एका शाळेत मुलांनी नळांचा नकाशा केला होता. एका आळीत घरोघरी निळा ठिपका, दुसरीकडे कोपऱ्यावर एकच. व्हरांड्यात लावलेला तो कागद, गावातल्या एका कारभाऱ्याला शाळेत चहा घेताना दिसला आणि आठवड्याभरात ‘भिंत रंगवायची आहे’ म्हणून उतरवला गेला. भिंत पुढे रंगवली नाही.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं पुरती नव्या जागी वसवली गेली. जुनी गावं दगडमातीच्या दाट घरांची, अरुंद गल्ल्यांची, आळीआळीने बांधलेली. नवी गावं सरळ रेषेतल्या रुंद रस्त्यांची. तिथल्या मुलांना गावाचा नकाशा काढायला पट्टी पुरते, आजीला मात्र घर सांगताना जुन्या गावातला शेजार सांगावा लागतो. आजीकडून जुनं गाव काढून घ्यायचं आणि ते नव्याशेजारी ठेवायचं, याहून चांगला इतिहासाचा पाठ प्राथमिक वर्गासाठी मला सुचत नाही.

त्याच दशकात स्वयंसेवी संस्थांनी गावकऱ्यांना जमिनीवर रांगोळीने गाव काढायला बसवलं. चिंचोके म्हणजे घरं, पानं म्हणजे झाडं. ते तंत्र शिक्षकांच्या प्रशिक्षणांत थोडं झिरपलं, शिवारफेरीही आली, आणि प्रशिक्षण संपलं की दोन्ही फाइलीत गेली.

सर्व्हे ऑफ इंडियाचे स्थलनिर्देशक नकाशे हा आणखी एक हुकलेला पाहुणा. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर, ओढे निळे, समोच्चरेषा तपकिरी, वस्ती लाल. असा तुकडा चौथीतल्या मुलांपुढे ठेवला की आपली टेकडी ती पाचेक मिनिटांत शोधतात. पण सीमेपासून आणि किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले नकाशे कित्येक वर्षं निर्बंधित होते; त्यात कोकण जवळपास सगळं आलं. फेब्रुवारी २०२१मध्ये केंद्राने नकाशांवरची बंधनं बरीच सैल केली. तोवर मुलांच्या घरी मोबाइल आला होता आणि त्यावर उपग्रहातून दिसणारं छप्पर होतं.

मोबाइलच्या नकाशावर माझा राग नाही. छायाचित्र उन्हाळ्यातलं निघालं, म्हणून हा ओढा की गाडीवाट यावर वर्ग दोन तटांत फुटतो, ते मला हवंच असतं. खटकतं ते एवढंच, की त्या पडद्यावर उत्तर हाताबरोबर फिरते आणि मधला निळा ठिपका कायम ‘मी’ असतो. ज्याला जमिनीवर कधी गाव मांडायला मिळालं नाही त्याला त्यातून वाट सापडते, गाव सापडत नाही.

गावठाणाची कोरी जागाही आता भरते आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजून पाहिलं गेलं आणि २४ एप्रिल २०२०ला स्वामित्व योजना देशपातळीवर जाहीर झाली. घरोघरी मिळकत पत्रिका मिळावी, कर्ज काढता यावं, हद्दीचे तंटे मिटावेत, हा तिचा हेतू. आपल्या आळीतलं प्रत्येक छप्पर मोजलेला असा सरकारी नकाशा लहान गावातल्या मुलांना प्रथमच बघायला मिळू शकतो. महसुली गावनकाशे तर ‘महाभूनकाशा’ या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही दिसतात. तिसरीच्या जिल्हा पुस्तकासोबत प्रत्येक शाळेने तीन कागद ठेवावेत: गावनकाशा, गावठाणाचा ड्रोन नकाशा आणि आपल्या भागाचा स्थलनिर्देशक तुकडा. वरून आदेश येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. मोठ्या आकाराच्या झेरॉक्सचा खर्च शाळेच्या संयुक्त अनुदानात बसतो आणि हे कागद फाटले तर डेडस्टॉकला खुलासा द्यावा लागत नाही.