मुळाचा शोध आणि अंदाजाची खातरजमा



शाळेतील वर्गसमीकरणे मोठी आज्ञाधारक असतात. सूत्रात सहगुणक घातले की २, ३ अशी नेटकी मुळे हाती येतात, कारण उदाहरण रचणाऱ्याने ती आधीच ठरविलेली असतात. त्यामुळे समीकरण सोडविणे म्हणजे नेमके उत्तर मिळविणे, अशी समजूत मनात रुजते. त्रिघाती व चतुर्घाती समीकरणांची सूत्रे सोळाव्या शतकात इटलीत सापडली खरी, पण ती वापरणे हा एक क्लेशच आहे. पंचघाती समीकरणाला तर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मूलचिन्हे यांनी बनलेले सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे नॉर्वेचा तरुण गणिती आबेल याने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिद्धतेत दाखविले. मूळ आहे, पण ते सांगणारे सूत्र नाही. अशा वेळी अंदाज बांधावा लागतो, आणि तो कितपत खरा हे पारखावे लागते.

न्यूटनने १६६९ च्या एका प्रबंधात क्ष³ − २क्ष − ५ = ० हे उदाहरण घेतले आहे. क्ष = २ घातल्यास डाव्या बाजूची किंमत −१ येते, ३ घातल्यास १६. बहुपदीचा वक्र कोठेही तुटत नाही. तेव्हा तो २ आणि ३ यांच्या दरम्यान अक्ष ओलांडणारच. आता हे अंतर निम्मे करावे, ज्या अर्ध्यात चिन्ह बदलते तो अर्धा ठेवावा, पुन्हा निम्मे करावे. दहा खेपांत मूळ १/१०२४ एवढ्या पट्ट्यात सापडते. रीत संथ, पण विश्वासू.

न्यूटनची चाल अधिक धीट होती. मूळ २ च्या जवळ आहे, तर क्ष = २ + प मानू. समीकरण होते प³ + ६प² + १०प − १ = ०. प लहान असल्याने त्याचा घन व वर्ग सोडून दिले की प = ०.१. आता २.१ पासून पुन्हा तेच करावयाचे. असे करीत तो २.०९४५५१४८ पर्यंत पोहोचला. यात अवकलजाचे नावही नव्हते. रॅफसनने १६९० मध्ये ही रीत सुटसुटीत केली आणि सिंप्सनने १७४० मध्ये तिला कलनशास्त्राचे रूप दिले. वरचा १० हा आकडा म्हणजे २ पाशी वक्राचा उतार, अर्थात ३क्ष² − २ या अवकलजाची किंमत. वक्राऐवजी त्याची स्पर्शिका घ्यावी. ती अक्षाला जेथे छेदते तो नवा अंदाज. २.१ पाशी किंमत ०.०६१, उतार ११.२३, भागाकार वजा केला की २.०९४५७. मुळाच्या निकट आल्यावर प्रत्येक पायरीला अचूक अंकांची संख्या साधारणतः दुप्पट होते, हे या रीतीचे खरे वैभव.

क्ष² − २ = ० या समीकरणास १ पासून हीच रीत लावली तर ३/२, १७/१२, ५७७/४०८ असे अपूर्णांक मिळतात. यांतील शेवटचा अपूर्णांक बौधायनाच्या शुल्बसूत्रात दिलेल्या दोनाच्या वर्गमुळाच्या किमतीइतकाच आहे. एवढ्यावरून न्यूटनची रीत आपल्याकडे होतीच, असे म्हणण्याची घाई करू नये; सूत्रात किंमत आहे, ती काढण्याची रीत नाही. निरनिराळ्या वाटा एकाच अपूर्णांकापाशी येऊ शकतात.

हल्ली कळ दाबताच उत्तर उमटते, म्हणून एक इशारा. क्ष³ − २क्ष + २ = ० घ्या आणि ० पासून आरंभ करा. पहिली पायरी १ वर नेते, दुसरी परत ० वर. यंत्र जन्मभर या येरझाऱ्या घालीत राहील. प्रथम चिन्हे तपासली असती तर −२ पाशी किंमत −२ आणि −१ पाशी ३, म्हणजे मूळ या दोहोंमध्ये, हे कळले असते. −२ पासून निघालो की पहिल्या पायरीस −१.८, दुसरीस −१.७७, आणि तिसरीस −१.७६९३.