सूचीचा क्रम आणि सर्व्हरचे स्थैर्य

नियम बदलला की जुनी सूची नव्याने लावावी लागते, ही गोष्ट कोशकारांस अपरिचित नाही. १९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखनविषयक नियमांनी ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घ ठरविला. ‘बल्लारपुर’ या रूपाने लावलेल्या सूचीस त्यामुळे ‘बल्लारपूर’ हे रूप व त्याचे नवे स्थान स्वीकारणे प्राप्त झाले. अखंड चालणाऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती केव्हा घ्यावी, हा प्रश्न मुळात याच जातीचा आहे.

मराठी वर्णमालेत ‘ळ’चे स्थान ‘ह’नंतर आहे, युनिकोडच्या कोष्टकात मात्र तो ‘ल’च्या लगेच पुढे येतो. बल्लारपूरच्या एखाद्या महाविद्यालयाची नामसूची घेतली, तर पहिल्या क्रमाने ‘बहिणाबाई’ आधी व ‘बळीराम’ नंतर येईल. दुसऱ्या क्रमाने याच्या उलट होईल. संगणक नाव शोधताना संपूर्ण यादी वाचीत नाही. क्रमावर विसंबून तो यादीचा एक भाग वगळतो व उरलेल्या भागात शोध घेतो. यादी एका क्रमाने लावलेली आणि शोध दुसऱ्या क्रमाने चाललेला असेल, तर यादीत असलेला बळीराम ‘सापडत नाही’ असे उत्तर मिळू शकते, आणि तेच नाव दुसऱ्यांदा नोंदले जाण्याचा संभव उत्पन्न होतो.

ही केवळ कल्पना नव्हे. लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य सर्व्हरांचा आधार असलेल्या ‘जीलिबसी’ या संग्रहाची २.२८ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये निघाली. तीत वर्णक्रमाचे नियम आंतरराष्ट्रीय मानकाच्या नव्या पाठास अनुसरून बदलण्यात आले. या नियमांवर विसंबणाऱ्या पोस्टग्रेसच्या जुन्या सूची त्यामुळे सदोष ठरण्याचा धोका निर्माण झाला व त्या पुन्हा बांधणे आवश्यक झाले.

तर मग जुनेच चालू ठेवावे काय? त्याचेही उत्तर अनुभवाने दिले आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर छिद्रावरील दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध केली. त्याच वर्षीच्या २७ जूनला ‘नॉटपेट्या’ने जगभर जो उत्पात केला, त्यात मुंबईनजीकच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. या उपद्रवाचा जगभर जो प्रसार झाला, त्याचा एक मार्ग हे न बुजविलेले छिद्र हा होता. त्याचा उगम मात्र युक्रेनमधील एका लेखाविषयक सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणात होता, हेही ध्यानी घेण्याजोगे आहे. दुरुस्ती न घेणे जसे घातक, तसे आलेले नवे तपासल्यावाचून घेणेही घातक.

यातून मार्ग निघतो तो दुरुस्ती व बदल यांत भेद केल्याने. डेबियन या प्रणालीची स्थिर आवृत्ती साधारणतः दोन वर्षांनी निघते. मध्यंतरी तीतील बहुतेक सॉफ्टवेअरची मूळ आवृत्ती तीच ठेवून सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या तीत उतरविल्या जातात. मात्र हे स्थैर्य मुदतीचे असते. जुलै २०१९ मध्ये डेबियन १० आली, तेव्हा तिच्यासमवेत जीलिबसी २.२८ व नवा वर्णक्रम हेही आले.

सारांश, सुरक्षेची दुरुस्ती अल्प चाचणीनंतर विनाविलंब घ्यावी. आवृत्तीचा बदल मात्र माहितीच्या प्रतीवर पारखून, सूची पुन्हा बांधण्याची तयारी ठेवून आणि जुन्या आवृत्तीची मुदत सरण्यापूर्वी करावा. सर्व्हर नुसता चालू असणे म्हणजे स्थैर्य नव्हे. नोंदलेला बळीराम उद्याही सापडणे, हे खरे स्थैर्य होय.