प्रकाशाहून वेगवान कण आणि 'रिकामी' जागा

प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जाऊ शकत नाही, असे आपण वर्गात सांगतो. विशेष सापेक्षता सिद्धांताचे म्हणणे मात्र थोडे वेगळे आहे. प्रकाशाहून मंद कणाला कितीही ऊर्जा दिली, तरी तो प्रकाशाचा वेग गाठत नाही. मग निर्माण होतानाच प्रकाशाहून वेगवान असलेल्या कणाचे काय? हा प्रश्न १९६२ साली बिलानिउक, देशपांडे आणि सुदर्शन यांनी मांडला. यांपैकी सुदर्शन यांनी त्याआधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले होते. १९६७ मध्ये जेराल्ड फाइनबर्ग यांनी अशा काल्पनिक कणांना 'टॅकिऑन' हे नाव दिले.

टॅकिऑनचे गणित चमत्कारिक आहे. ऊर्जेच्या सूत्रात छेदस्थानी एक वर्गमूळ असते. वेग प्रकाशाच्या दुप्पट धरला, तर त्या वर्गमूळाखाली १ − ४ = −३ येते. ऊर्जा वास्तव संख्या राहावी म्हणून स्थिर वस्तुमान काल्पनिक संख्या मानावे लागते. टॅकिऑन कधीच स्थिर नसल्यामुळे ते मोजण्याचा प्रसंग येत नाही, एवढीच सोय!

खरी अडचण पुढेच आहे. समजा, पारोळ्यातल्या उपकरणाने प्रकाशाच्या दुप्पट वेगाचा टॅकिऑन सोडला आणि धुळ्यातल्या उपकरणाने तो टिपला. पारोळ्याहून धुळ्याच्या दिशेने प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने जाणाऱ्या निरीक्षकाच्या हिशेबात धुळ्यातली घटना आधी घडते आणि टॅकिऑनची ऊर्जा ऋण येते. सुदर्शन प्रभृतींनी याचा अर्थ असा लावला: ऋण ऊर्जेचा, भूतकाळाकडे जाणारा कण म्हणजेच धन ऊर्जेचा, भविष्याकडे जाणारा प्रतिकण. म्हणजे त्या निरीक्षकाच्या मते प्रतिकण धुळ्याहून निघून पारोळ्यात शोषला गेला.

पुंज क्षेत्र सिद्धांताला हे जड जाते. या सिद्धांतात कण म्हणजे क्षेत्राचे उत्तेजन, आणि एकही कण नसलेली अवस्था म्हणजे निर्वात. हे निर्वात सर्व निरीक्षकांसाठी एकच असावे लागते. इथे मात्र जमिनीवरचा निरीक्षक म्हणतो, 'सुरुवातीला जागा रिकामी होती'. दुसरा म्हणतो, 'नाही, पारोळ्याकडे एक प्रतिकण येत होता'. एकाची कणनिर्मिती ती दुसऱ्याचे कणविलोपन! मग सुरुवातीचे कण मोजायचे कोणी?

२०२४ साली वॉर्सा व ऑक्सफर्ड येथील भौतिकविदांनी 'फिजिकल रिव्ह्यू डी'मध्ये एक मार्ग सुचवला. केवळ आरंभीची अवस्था न घेता आरंभीची व अखेरची अशा दोन्ही अवस्था एकत्र हिशेबात घ्याव्यात; मग सर्वांसाठी एकच निर्वात मिळते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

टॅकिऑन अजून कुठेही सापडलेला नाही. २०११ मध्ये इटलीतील ऑपेरा प्रयोगात न्यूट्रिनो सुमारे ६० अब्जांश सेकंद लवकर पोहोचल्याचे दिसले होते. पण प्रकाशतंतूची जोडणी नीट बसली नव्हती, हे त्याचे मुख्य कारण २०१२ मध्ये उघड झाले. तरीही हा विचार वाया जात नाही. 'जागा रिकामी आहे' यावर सर्व निरीक्षकांचे एकमत असते, हे आपण न तपासता गृहीत धरतो. नेहमीच्या कणांपुरते ते खरे का ठरते, हे कळायला टॅकिऑनसारखा न सापडलेला कणही उपयोगी पडतो.