मतांवर निवडलेला न्यायाधीश

आपल्याकडे न्यायाधीश मत मागायला दारी येत नाही. राज्यघटनेच्या कलम २३३ प्रमाणे जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने राज्यपाल करतात. अमेरिकेतील अनेक राज्यांत मात्र खालच्या न्यायालयाचा न्यायाधीश चक्क निवडणूक लढवतो. पेन्सिल्व्हेनिया राज्यातले एक प्रकरण आमच्या विद्यार्थी मित्रांनी, विशेषतः कायदा शिकणाऱ्यांनी, मुळातून समजून घ्यावे असे आम्हांस वाटते.

मार्क सियावारेला १९९५ साली लुझर्न परगण्यातून निवडून आले. मुदत दहा वर्षांची. त्यानंतर लोकांनी फक्त 'ठेवावा की नको' एवढेच सांगायचे. २००५ साली लोकांनी ठेवले. का ठेवणार नाहीत? मुलांशी कडक वागणारा न्यायाधीश म्हणून त्यांचा लौकिक होता, शाळांतून भाषणे होत. शाळेतील अधिकाऱ्याची इंटरनेटवर थट्टा केली एवढ्यावरून एका मुलीला त्यांनी घरापासून दूर धाडले. मुलांना वकिलाचा हक्क आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच ठरवले होते. तरी त्यांच्यासमोर निम्मी मुले वकिलावाचून उभी राहत.

पुढे उघडकीस आले की, सियावारेला व सहकारी न्यायाधीश मायकेल कोनाहान यांनी खाजगी बालसुधारगृहाचा बांधकाम व्यावसायिक आणि एक मालक यांच्याकडून सुमारे २८ लाख डॉलर घेतले होते. सम्यक आजीविका म्हणजे काय, हे सांगायला याहून उलटे उदाहरण सापडणार नाही.

न्यायाधीशांना शिस्त लावणारी व्यवस्था नव्हती काय? होती. १९९३ च्या घटनादुरुस्तीने तक्रारी तपासणारे मंडळ व निवाडा देणारे वेगळे न्यायालय निर्माण झाले होते. मंडळाच्या १२ सभासदांत ६ सामान्य नागरिक! पण २००६ साली कोनाहान यांच्याविरुद्ध आलेली निनावी तक्रार तशीच पडून राहिली. दोष कायद्यापेक्षा त्या पडून राहण्यात अधिक होता, असे आमचे मत आहे. सरन्यायाधीश झाला तरी तो तुमच्याआमच्यासारखा माणूसच, त्यालाही दोष व पूर्वग्रह असतात, असे बाबासाहेबांनी २४ मे १९४९ रोजी घटना समितीत बजावले होते ते उगीच नव्हे.

अखेर प्रकरण धसास लावले ते केंद्रीय तपास यंत्रणेने आणि मुलांसाठी झगडणाऱ्या फिलाडेल्फियाच्या ज्युव्हेनाइल लॉ सेंटरने. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने या संस्थेचा अर्ज जानेवारी २००९ मध्ये आधी फेटाळला. न्यायाधीशांवर आरोप ठेवले गेल्यावर तो पुन्हा हाती घेतला आणि त्याच वर्षी सियावारेलांचे हजारो निकाल रद्द केले. २०११ साली सियावारेलांना २८ वर्षांची, कोनाहानना साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली. कोनाहान यांची उरलेली शिक्षा राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी डिसेंबर २०२४ मध्ये माफ केली, तेव्हा त्या मुलांचे आईबाप पुन्हा संतापून उठले.