कंपनी नफ्यात, पण शेअर कोणत्या भावाने?

पेण आणि रोह्याच्या बाजारात साबण, चहा, कपडे धुण्याची पावडर यांचे गिऱ्हाईक मंदीतही तुटत नाही. कापडाची खरेदी लोक ईद-गणपतीपर्यंत पुढे ढकलतात, साबणाची ढकलत नाहीत. म्हणून असा माल बनविणाऱ्या कंपन्यांचे शेअर भरवशाचे मानतात. आपले व्यापारी बंधूही विचारतात, कंपनी नफ्यात आहे, मग शेअर घ्यायला हरकत काय? पण कंपनी चांगली आहे का, हा एक प्रश्न आणि भाव वाजवी आहे का, हा दुसरा.

मुंबईच्या हिंदुस्थान युनिलिव्हरचे उदाहरण घेऊ. लाइफबॉय, व्हील, ब्रूक बाँड हा तिचाच माल. २०२३-२४ मध्ये निव्वळ नफा १०,११४ कोटी रुपये आणि शेअर सुमारे २३५ कोटी. म्हणजे एका शेअरमागे नफा ४३ रुपये. मार्च २०२४ अखेर भाव होता सुमारे २,२६० रुपये. याचा अर्थ, घेणारा ५२ वर्षांचा नफा आगाऊ मोजत होता. त्या वर्षाचा लाभांश ४२ रुपये, म्हणजे गुंतवणुकीवर शेकडा दोन रुपयेही नाहीत.

हाच हिशेब दुकानाला लावून पाहा. वर्षाला ५ लाख नफा देणाऱ्या दुकानाचे कोणी २ कोटी ६० लाख मागितले, तर आपण द्याल का? नफा झपाट्याने वाढणार असेल तरच. दरसाल शेकडा दहाने वाढला तर सुमारे सात वर्षांत तो दुप्पट होतो. पण सदर कंपनीचा नफा आदल्या वर्षी ९,९६२ कोटी होता, म्हणजे वाढ जेमतेम दीड टक्का.

महाग भावाचा परिणाम पूर्वीही दिसला आहे. २००० च्या तेजीत याच कंपनीच्या (तेव्हाची हिंदुस्थान लिव्हर) शेअरचा जो भाव होता, तो ओलांडायला सुमारे दहा वर्षे लागली. तेवढ्या काळात नफा मात्र जवळपास दुप्पट झाला होता. मध्ये २००४ साली प्रॉक्टर अँड गँबलने एरियल व टाइडचे दर उतरविले, हिंदुस्थान लिव्हरलाही उतरवावे लागले आणि त्या वर्षी नफा घटला. नामांकित मालालाही स्पर्धा चुकत नाही.

तेव्हा शेअर घेण्याआधी वार्षिक अहवालातून चार गोष्टी तपासाव्यात. पाच वर्षांत नफा किती वाढला? ती वाढ जास्त माल खपल्याने झाली की केवळ दर वाढविल्याने? नफ्याची रोकड खरोखर हाती आली की उधारीत अडकली? कर्ज किती? व्याजापासून दूर राहणाऱ्या बंधूंनी 'इतर उत्पन्ना'तील व्याजाचा वाटाही पाहावा.

शेवटी भावाला एका शेअरच्या नफ्याने भागावे. आकडा मोठा आणि वाढ मंद असेल, तर कंपनीवर नजर ठेवावी, पण खरेदीची घाई करू नये. थान कितीही उत्तम असले तरी ते चढ्या दराने भरले, तर विकताना हाती काही उरत नाही.