आयएमईआय अहवालातील अपुरी माहिती

आयएमईआय हा मोबाईल संचाची ओळख पटवणारा १५ अंकी क्रमांक आहे. त्यातील पहिले ८ अंक (टॅक) संचाचा प्रकार दर्शवतात. जीएसएमए या संघटनेच्या व्यवस्थेतून ते उत्पादकांना दिले जातात. पुढील ६ अंक हा उत्पादकाने दिलेला अनुक्रमांक, तर शेवटचा पडताळणी अंक असतो.

केवळ क्रमांकावरून उत्पादक व मॉडेल एवढेच कळते. रंग, खरेदीची तारीख किंवा वॉरंटी त्यात दडलेली नसते. उत्पादकाच्या नोंदींतून ती मिळाली तरच अहवालात येते. त्यामुळे हे रकाने बरेचदा रिकामे दिसतात. रिकामा रकाना हा संच बनावट असल्याचा पुरावा नव्हे. तसेच मॉडेल जुळले म्हणून संच अस्सल ठरत नाही, कारण खऱ्या संचाचा क्रमांक दुसऱ्यावर चढवलेला असू शकतो.

चोरीविषयीचा रकाना सर्वाधिक फसवा. मालकाने तक्रारच केली नसेल, किंवा नोंद दुसऱ्या देशातील यादीत असेल, तर तेथे काहीच आढळत नाही. भारतात हरवलेला वा चोरीस गेलेला संच दूरसंचार विभागाच्या सीईआयआर प्रणालीतून बंद करता येतो व संचार साथी संकेतस्थळावर क्रमांक तपासता येतो. दोन सिमकार्डांच्या संचाला सहसा दोन क्रमांक असतात. वापरलेला संच विकत घेताना *#०६# दाबल्यावर दिसणारे दोन्ही क्रमांक स्वतंत्रपणे तपासावे लागतात.