आईचे बळ

“आमच्या घरातील बाई दिवसभर राबते, तिला वेगळ्या व्यायामाची गरज काय?” असा प्रश्न अनेक कुटुंबांत ऐकू येतो. प्रश्न स्वाभाविक आहे. पहाटेच्या चहापासून रात्रीच्या आवराआवरीपर्यंत आई उभीच असते. तरीही श्रम आणि व्यायाम यांत मूलभूत फरक आहे. घरकामाचा भार रोज तोच असतो आणि थकल्यावर थांबण्याची मुभा तो देत नाही. शरीराला त्याची सवय झाली की थकवा उरतो, बळ मात्र वाढत नाही. स्नायूंचे बळ वाढते ते क्रमाक्रमाने वाढविलेल्या भाराने आणि त्यानंतरच्या विश्रांतीने.

जन्मतः सुमारे ३ किलो वजनाचे बाळ वर्षभरात ९ किलोंच्या आसपास पोहोचते. हा भार वाढता असला, तरी तो बहुधा एकाच कडेवर आणि कंबर वाकवून उचलला जातो. त्यातच गरोदरपणात पोटाचे व ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणलेले असतात. म्हणून कंबर दुखते. खोकताना वा शिंकताना लघवीचे थेंब गळतात. संकोचापायी कित्येक माता हे दुखणे वर्षानुवर्षे लपवितात. वस्तुतः ते स्नायू काही क्षण आवळून सैल सोडण्याचा व्यायाम डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ सालीच मांडला होता आणि तो आजही सुचविला जातो.

याचा लाभ पुढील आयुष्यातही होतो. तिशीच्या सुमारास हाडांची घनता सर्वोच्च पातळी गाठते. रजोनिवृत्तीनंतर ती झपाट्याने घटू लागते. स्नायूंचा ताण हाडांवर पडला की हाडांना बळकटी येण्यास चालना मिळते. स्नायू रक्तातील साखरही वापरतात. गरोदरपणी मधुमेह झालेल्या स्त्रियांना पुढे मधुमेहाचा धोका अधिक असल्याने त्यांच्यासाठी हे विशेष मोलाचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंचा व्यायाम करावा. त्यासाठी व्यायामशाळेची आवश्यकता नाही. तालमीतल्या जोर-बैठकांचेच सौम्य रूप घरी करता येते. हात भिंतीला टेकवून जोर काढावेत. खुर्चीवर बसून, हातांचा आधार न घेता उठावे. पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या दोन बाटल्या, म्हणजे प्रत्येकी सुमारे एक किलो, सावकाश उचलाव्यात. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा करावा. तो सहज जमू लागला की भार थोडा वाढवावा. श्वास रोखून धरू नये.

बाळंतपणानंतर, विशेषतः सिझेरियन झाले असल्यास, डॉक्टरांच्या संमतीनेच प्रारंभ करावा. वेदना वा रक्तस्राव जाणवल्यास थांबून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

आता उरतो तो वेळेचा प्रश्न, आणि तो एकट्या आईने सोडवायचा नाही. आठवड्यातून दोनदा अर्धा तास बाळाला पतीने घ्यावे, कुकर सासूबाईंनी उतरवावा, भांडी मोठ्या मुलांनी आवरावीत. घराचा भार वाहणाऱ्या आईला उतारवयात जिना चढताना दुसऱ्याचा हात शोधावा लागू नये, यासाठी कुटुंबाने एवढे अवश्य करावे.